मेलेल्याचा शर्ट

शालनाक्कांनी शर्ट माझ्या टेबलावर टाकला आणि त्याच्या बरगडीजवळच्या भोकातून बोट बाहेर काढून मला दाखवलं.

"ह्ये बुजवायला सांगितलंय मला तात्यांनी. आनि वर टाके दिसाया पाहिजेत म्हंत्यात. कशापायी ओ, श्रीपादभाऊ?"

कशापायी ते मला पक्कं ठाऊक होतं. पण सांगायची छाती होईना. म्हटलं, "तात्यांनाच विचारा ना."

"त्यास्नी इचारलं. ते म्हनले, श्रीपादला इचार."

ही आमच्या तात्यांची नेहमीची रीत. गोड बातमी स्वतः सांगायची, कडू असली की श्रीपाद. तात्या म्हणजे आमचे निर्माते आणि दिग्दर्शकही. कोल्हापुरात त्यांचे चार ट्रक होते आणि सिनेमाचं वेड पाचव्या ट्रकात भरून उरेल एवढं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी 'गोजरा उठली' नावाचा सिनेमा काढला. गोजरा नावाच्या मजूर बाईची अब्रू दौलतराव आणि त्याचे तीन साथीदार घेतात आणि तिला डोहात ढकलून देतात. मग ती ओल्या लुगड्यानं, मोकळ्या केसांनी डोहातून उठते आणि एकेकाला विळ्यानं संपवते. शेवटचा दौलतराव. समीक्षकांनी नाकं मुरडली, पण जत्रेतल्या तंबूपासून शहरातल्या थेटरापर्यंत तो तुफान चालला. दौलतराव पडला की बायका उठून टाळ्या वाजवायच्या. आता तात्यांना 'गोजरा पुन्हा उठली' काढायचा होता.

मी होतो कंटिन्युइटीचा माणूस. म्हणजे नट खोलीतून बाहेर पडताना त्याची दोन बटणं उघडी असतील, तर आठ दिवसांनी रस्त्यावरचा शॉट घेताना दोनच उघडी हवीत, याची काळजी वाहणारा. त्यासाठी माझी एक जाड वही असायची. शालनाक्का कपडेपटात शिवणकाम करायच्या. पहिल्या भागाच्या वेळी त्यांनी एका शर्टाला काळ्याऐवजी तपकिरी बटण लावलं म्हणून मी भरात आलेला शॉट थांबवला होता. सगळं युनिट उन्हात उभं आणि आक्का मान खाली घालून बटण उसवतायत. त्यांनी कुरकुर केली नाही. उलट तेव्हापासून त्यांचा माझ्या वहीवर जो विश्वास बसला, तो मला स्वतःला कधी बसला नाही.

"दुसऱ्या भागात दौलतराव परत येतोय," मी म्हणालो. "डोहातून वाहत गेला, एका धनगरानं वाचवला, जखम शिवली. म्हणून तोच शर्ट, त्याला टाके. लोकांना ओळख पटावी म्हणून."

आक्कांनी शर्ट टेबलावरून उचलला. मग म्हणाल्या, "वही काढा."

"कशाला?"

"काढा तर."

मी काढली. त्यांना वाचता येत होतं, पण मलाच वाचायला लावलं. सीन चौऱ्याऐंशी. डोहाचा काठ. दौलतराव मृत. डाव्या बरगडीखाली वार. पांढरा शर्ट, नग तीन. एक साधा, दुसरा भोक पाडलेला, तिसरा भोक पाडून रक्त लावलेला. आणि खाली माझाच शेरा, तिसरा शर्ट गहाळ. त्या तिसऱ्यासाठी मी तेव्हा आठवडाभर आकाशपाताळ एक केलं होतं. उंदरांनी नेला असंल, असं आक्का म्हणाल्या होत्या.

"मृत म्हंजी मेला न्हवं?"

"हो."

"तुमच्याच अक्षरात हाय न्हवं?"

"हो, आक्का."

"मग एका बटनापायी तुमी अख्खं शूटिंग थांबिवता, आनि मेलेला मानूस उठून बसला तर चालतंय?"

मी हसून वेळ मारून नेऊ पाहिली. त्या हसल्या नाहीत.

"तात्यास्नी सांगा. दुसरा कोन बी आना. त्याचा भाऊ आना, चुलता आना. ह्यो मेलेला ऱ्हाऊ द्या."

"पण आक्का, तुम्हाला त्याचं एवढं काय?"

त्या खुर्चीवर बसल्या. माझ्यासमोर त्या पहिल्यांदाच बसल्या. हातात शर्ट होताच, त्याच्या भोकाची कड दुमडत, उलगडत त्या बोलू लागल्या. वैजयंता ही त्यांची एकुलती एक मुलगी. गावाकडे असताना, सोळाव्या वर्षी, पाटलाच्या भाच्यानं तिला उसाच्या फडात ओढलं होतं. आक्कांनी मुलीला घेऊन पोलिसांत धाव घेतली, तिच्या अंगावरच्या कपड्यांचं गाठोडं स्वतःच्या हातानं तिथं दिलं. दीड वर्षानं कोर्टात ते कपडे मागितले तेव्हा ते सापडले नाहीत.

"हरवलं म्हनले. वकील म्हनला, कापडं न्हाईत, साक्षीदार न्हाई, मग झालं काय? कायबी न्हाई. सुटला त्यो. गावात हलगी लावून मिरवनूक काढली त्याची. आमच्या दारावरनं. त्येच्या अंगात असाच पांढरा शर्ट व्हता बगा."

मग त्या मुलीला घेऊन कोल्हापुरात आल्या. तीन वर्षं वैजयंता खोलीच्या उंबऱ्याबाहेर पडली नाही. पोटात धड अन्न नाही, डोळ्याला डोळा नाही. आमचा सिनेमा लागला तेव्हा आक्कांनी तिला हाताला धरून दुपारच्या खेळाला नेलं.

"म्हटलं, बग तरी. त्या शर्टाला कात्री मी लावलीया, माज्या हातानं. शेवटाला त्यो पडला, बाया उठल्या, टाळ्या पडल्या. ही बी उठली. घरला येऊन दोन भाकरी खाल्ल्या. दुसऱ्या दिशी घागर घेतली आनि एकटी नळावर गेली. तीन वर्सांनी." आक्कांचे डोळे भरले, पण आवाज तसाच राहिला. "पोरगी खुळी न्हाई, श्रीपादभाऊ. पिक्चर हाय ह्ये तिला ठाव हाय. पर कुठंतरी मेला न्हवं त्यो. तेवढंच हाय आमच्याकडं. ते तरी ठेवा."

मला रडू आलं आणि त्या वयात रडू आलं की माणूस वचन देऊन बसतो. मीही दिलं. म्हटलं, आक्का, तात्यांना मी बघतो.

तात्या ऑफिसात पोस्टरच्या नमुन्यांवर वाकले होते.

"तात्या, दौलतरावाऐवजी त्याचा भाऊ आणू या."

"भाऊ कशाला? मिरजकर काय मेलाय?"

मिरजकर म्हणजे दौलतरावाचं काम करणारे नट. "मिरजकर नाही, दौलतराव मेलाय."

"अरे, तो पिक्चरमध्ये मेलाय."

"हेही पिक्चरच आहे ना."

तात्यांनी मान वर केली. "हे बघ, श्रीपाद. गोजरा उठते कशाला? सूड घ्यायला. सूड संपला की ती बिचारी परत डोहात. मग तिला उठवायची कशी? ज्याला मारायचं तो जिवंत पाहिजे. आणि नुसता तो जिवंत होऊन भागत नाही. पहिल्या अर्ध्या तासात परत काहीतरी वाईट घडलं पाहिजे. उगाच कुणी विळा उचलला तर पब्लिकला पटत नाही."

"गोजरा मेलेली आहे. तिचं आणखी काय वाईट व्हायचं राहिलंय?"

"म्हणून तर धाकटी बहीण आणली," तात्या म्हणाले. स्वतःच्या युक्तीवर ते खूश होते.

मग मी वैजयंताचं सगळं सांगितलं. तात्या काही दगड नव्हते. ऐकता ऐकता त्यांनी तोंडातलं पान थुंकलं, चष्मा काढून पुसला. "माझ्या घरातही दोन पोरी आहेत रे," म्हणाले. "त्या भडव्याला भर चौकात फोडला पाहिजे." मग त्यांनी पोस्टरचा नमुना माझ्यापुढे सरकवला. "पण हे छापून आलंय. पाचशे. उद्या लागतंय."

पोस्टरवर मिरजकरांचा हा एवढा मोठा चेहरा, डोळे तांबारलेले, आणि खाली लाल अक्षरांत 'तुम्हाला वाटलं, तो मेला?'

चौथ्या दिवशी आक्का आल्या त्या तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या वस्तीतल्या नळासमोरच्या भिंतीवर ते पोस्टर लागलं होतं. वैजयंता घागर टाकून घरी पळत आली होती. आक्कांनी जाऊन पोस्टर फाडलं, तर दुसऱ्या सकाळी तिथं नवं. पोस्टर चिकटवणाऱ्याला मी हात जोडून सांगितलं, बाबा, ती एक भिंत सोड. तो म्हणाला, नळावर सगळ्यात जास्त गर्दी असते, साहेब, ती कशी सोडू?

"तुमी बगतो म्हनला व्हता," आक्का म्हणाल्या. एवढंच.

आणि इथे माझ्यातला शहाणा जागा झाला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात, पण माझा मारुतीही झाला नाही, काय झालं ते पुढे सांगतोच. मला वाटलं, पोरगी त्या चेहऱ्याला भितेय ना? मग तिला तो चेहरा जवळून दाखवावा. रंग पुसलेला. मिरजकर म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक, इतके सालस की सेटवरच्या चहावाल्यालाही अहो-जाहो करायचे. विळा रबराचा, रक्त खोटं, सगळंच खोटं. एकदा डोळ्यांनी पाहिलं की भीती जाईल. आक्का तयार नव्हत्या. मीच गळ घातली. चार वेळा गेलो त्यांच्या खोलीवर. शेवटी आतून वैजयंताचाच आवाज आला, "येतो म्हनून सांग, आई. मला बी त्यास्नी एक दावायचंय."

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मायलेकी आल्या. वैजयंता बावीस-तेवीस वर्षांची, काटकुळी, वेणी घट्ट आवळलेली. छातीशी कापडी पिशवी धरलेली. मी दोघींना कपडेपटात बसवलं. बाहेर जनरेटर बंद होता, त्यामुळे आवाज असा नव्हता.

मिरजकर तोंड खसाखसा धुऊन आले होते. दारातच थांबले. आत येऊ का, असं त्यांनी विचारलं. तिनं मान हलवली. ते भिंतीला टेकून दूर बसले आणि हात जोडले.

"मी मिरजकर, पोरी. दौलतराव-बिवलतराव काही नाही. मलाही दोन नाती आहेत."

ती बघत राहिली. तिच्या श्वासाचा आवाज मला येत होता, पण ती उठली नाही. मला वाटलं, जमतंय.

मी कपाटातून विळा काढला, तिच्यापुढे वाकवून दाखवला. पातं रबराचं, पार मुठीपर्यंत वळलं. तिनं हातात घेऊन स्वतः वाकवून पाहिलं.

"याच्यानं कुणी मरत नाही," मी म्हणालो. "गोजरानं हाच मारला होता मिरजकरांना."

मिरजकरांना कल्पना पसंत पडली असावी. त्यांनी सदरा वर करून डावी बरगडी दाखवली. "हे बघ. ओरखडासुद्धा नाही. मी त्या दिवशी शॉट संपल्यावर उठलो आणि वर दोन वाट्या आमटी प्यायलो."

आक्का म्हणाल्या, "पुरे आता." ते मी ऐकलं. पण माझ्या अंगात वारं शिरलं होतं. मी स्टीलचं पातेलं पुढे ओढलं, त्यात दुपारच्या शॉटसाठी रक्त तयार होतं. बोट बुडवून मी स्वतः चाखलं आणि तिला म्हटलं, "बघ चाखून. घाबरू नकोस."

तिनं करंगळी बुडवली, जिभेला लावली.

"गोड हाय."

"साखरेचा पाक. त्यात लाल रंग आणि चिमूटभर कॉफी, म्हणजे काळपट दिसतं."

"पहिल्या टायमाला बी ह्येच व्हतं?"

"हेच," मी म्हणालो. कुणी न विचारता वर सांगितलं, "मी स्वतः ढवळलं होतं."

तिनं करंगळी अंगठ्याला घासून पाहिली.

"म्हनून मुंग्या लागत व्हत्या," ती म्हणाली.

मला कळलं नाही. मिरजकरांनाही नाही. आक्कांना कळलं. त्यांनी तिचा हात धरायचा प्रयत्न केला, तिनं तो सोडवून घेतला आणि मांडीवरची पिशवी उघडली. आतून जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेलं एक पुडकं काढलं. डांबरगोळ्यांचा वास आला. वाळलेला कडुलिंबाचा पाला टेबलावर सांडला. घडी उलगडली, तर पांढरा शर्ट. बरगडीखाली भोक, भोकाभोवती वाळून काळा पडलेला मोठा डाग.

तिसरा नग. वहीत ज्याच्यापुढे मी गहाळ लिहिलं होतं तो.

"आईनं आनून दिला व्हता," ती म्हणाली. ती माझ्याशी बोलत होती, पण बघत होती शर्टाकडे. "माजी कापडं हरवली, म्हनून ह्यो मी पेटीत कुलपात ठेवला. सारख्या मुंग्या लागायच्या. पाला घातला, गोळ्या घातल्या. दर आठ दिसाला उनात घालून झटकायची. मला वाटायचं, रगताला लागत असत्यात." मग म्हणाली, "आज तुमास्नी दावायला आनला व्हता. ह्यो बगा म्हननार व्हते. त्यो मेलाय, तुमाला परत आनता येत न्हाई. माज्याकडं पुरावा हाय."

मिरजकरांनी सदरा खाली ओढला. मला वाटत होतं, कुणीतरी काहीतरी बोलावं, हे अजून सावरता येईल असं काहीतरी असेलच. मी शोधत होतो. नव्हतं.

तेवढ्यात तात्या सुपारी कातरत दारात आले. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. टेबलावर नजर गेली आणि ते खरोखरच आनंदले.

"अरे, हा तर तीन नंबर! सापडला? श्रीपाद, नशीब काढलंस. त्या दुसऱ्या शर्टावर नवे डाग पाडायला नको, टाके यालाच घालू."

वैजयंता उठली. तिनं शर्टाची घडी जशी होती तशी घातली, वरचा पाला फुंकून टाकला आणि शर्ट माझ्या वहीवर ठेवला.

"तुमचाच हाय," ती म्हणाली.

साडीचा तुकडा मात्र तिनं पिशवीत परत भरला. मग दोघी गेल्या. मिरजकर मागोमाग फाटकापर्यंत गेले, तिथंच उभे राहिले आणि परत आले. त्या दुपारी त्यांना एकही वाक्य धड म्हणता येईना. तात्यांनी सहा टेक घेतले, मग शूटिंग गुंडाळलं.

मी तात्यांना संध्याकाळी सगळं सांगितलं. ते डोकं धरून बसले. "तू तिला आणलंस कशाला?" त्यांनी विचारलं. रागानं नाही, खरंच विचारलं. मग म्हणाले, मी जाऊन पाया पडतो त्या पोरीच्या. गेलेही. दार उघडलं नाही. सिनेमा मात्र त्यांनाही थांबवता येत नव्हता. गावोगावी भिंतींवर तो चेहरा लागून गेला होता.

पाच दिवस आक्का कामावर आल्या नाहीत. सहाव्या दिवशी आल्या, पदर खोचला, मशीनवरची धूळ पुसली. मी चहा घेऊन गेलो.

"वैजू कशी आहे?"

"पानी मीच आनतीया आता," त्या म्हणाल्या.

चहा त्यांनी घेतला नाही, सुईत दोरा ओवला. तिसरा शर्ट माझ्या टेबलावर तसाच होता. त्याला कुणी हात लावला नव्हता. मीही नाही. आता तो मी उचलून त्यांच्यापुढे ठेवला. दुसरं काही करता आलं असतं का, याचा विचार सव्वीस वर्षं करतोय. त्या वेळी दुपारी दोनला शॉट होता आणि शर्ट हवा होता.

त्यांनी तो मांडीवर पसरला. भोकाच्या दोन्ही कडा जुळवल्या. एक मुंगी डागावरून चालत होती, ती त्यांनी नखानं अलगद बाजूला सारली.

"टाके दिसाया पाहिजेत न्हवं?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.